खिडकीबाहेरची खुर्ची

मानसाबोलोंग गावात विहिरीकडे जाणारी वाट सांकुंग मारोंगच्या ओसरीला लागूनच जाते. त्या वाटेने कुणीही गेलं की सांकुंग बसल्या जागेवरून त्याला नाव घेऊन हाक मारायचा. डोळे जाऊन अर्धं आयुष्य उलटलं होतं, पण चप्पल वाजली की माणूस त्याच्यापुढे उभा राही. कोण दमून चाललंय, कोण भांडून आलंय, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, सगळं त्याला कळे. नव्या सुनेला तो विचारी, "पाऊल जड पडतंय गं पोरी, आईला कळवलंस का?" ती लाजून पळे आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी गावभर होई. लोकांना त्याच्या या सवयीचा राग नव्हता. आपण वाटेने जातो आणि कुणीतरी आपल्याला नुसत्या पावलावरून ओळखतं, यात एक प्रकारचा आधार असतो.

तरुणपणी सांकुंग भुईमुगाच्या खरेदी केंद्रावर कामाला होता. शेतकरी पोती घेऊन आला की सांकुंग मूठभर शेंगा उचलायचा, एकेक कानाशी नेऊन हलवायचा आणि दाणा भरलेला आहे की पोचट ते सांगायचा. पुढे खुपऱ्यांनी त्याचे डोळे गेले. आधी उजवा, मग डावा. काम सुटलं, कान मात्र राहिले. बायको लवकर वारली, मुलगा शहरात जाऊन स्थिरावला. घरी सून जाराय आणि तिची पोरं होती. सांकुंगच्या डोळ्यांची जागा भरून काढली ती त्याच्या भाचीने, तिदाने.

तिदा त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणात गेली आणि पोर मामाकडे आली. चार वर्षांची असल्यापासून ती त्याच्या काठीचं दुसरं टोक धरून पुढे चालायची आणि जे दिसेल ते बोलत जायची: आज खाडीला भरती आहे मामा, बगळे बसलेत, वुदेच्या भट्टीतून धूर निघतोय. सांकुंग म्हणे, माझी ही पोर बोलली नाही तर माझ्या गावात अंधार पडतो. तिला शाळेत घातलं तेव्हा त्याला हात धरायला कुणी उरलं नाही. तो ठेचकाळत मशिदीत जाई, पण तिची शाळा त्याने चुकू दिली नाही. ती नर्स झाली, जिल्ह्याच्या दवाखान्यात कित्येक वर्षं राहिली आणि मग खासदारकीला उभी राहायला गावी परत आली.

कारण भाताचं होतं. खाडीकाठची खाचरं बायकांची. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलेली. गेली काही वर्षं भरतीचं खारं पाणी आत घुसत होतं. आधी कडेची रोपं पिवळी पडली, मग मधली, मग जमिनीवर पांढरी साय धरू लागली. एक बांध घातला की झालं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फोदे तुनकारा दोनदा खासदार झाला होता आणि दोन्ही वेळा निवडणुकीआधी त्याने मोजणीची माणसं पाठवली होती. त्यांनी खाचरांत खुंट्या ठोकल्या, फोटो काढले आणि ती निघून गेली. त्या खुंट्यांना आता गाव शेळ्या बांधतं. तिदा कुठल्याच पक्षाकडे गेली नाही, अपक्ष उभी राहिली. खाडीकाठच्या बायकांकडे ती घरोघर, मान म्हणून देतात ती कोलाची कडू फळं घेऊन गेली, आणि घेतली नाही अशी एकही बाई नव्हती. कोला घेतली म्हणजे शब्द दिला, हे तिथे कुणी बोलून दाखवत नाही.

सांकुंगला त्या दिवसांत झोप यायची नाही. बहिणीची पोर राजधानीत, त्या मोठ्या सभागृहात उभी राहून बोलते आहे, असं तो मनात ऐकत राही. त्याने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. एवढं एक मात्र त्याला हवं होतं.

आता वुदेबद्दल सांगायला हवं. वुदे मासे विकायची. खाडीपलीकडच्या सुतुबा गावची लेक, मानसाबोलोंगला दिलेली, विधवा, सांकुंगच्याच वयाची. लहानपणी होडीतून पडून तिचा डावा पाय अधू झाला होता, तो ती जरा ओढत चाले. सुतुबा आणि मानसाबोलोंग या दोन गावांत थट्टेचं नातं आहे. वाडवडिलांपासून चालत आलेलं. एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावच्याला वाटेल ते बोलावं, त्याने हसून त्याहून वाईट परत बोलावं, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तर तोच लहान. उलट भेटल्यावर टोमणा मारला नाही तर समोरच्याने समजावं की काहीतरी बिनसलंय.

त्यामुळे धुरावलेल्या माशांची पाटी डोक्यावर घेऊन वुदे रोज सकाळी सांकुंगच्या ओसरीपाशी थांबायची आणि दोघांचं सुरू व्हायचं.

"काय रे गुलामा, अजून जिवंत आहेस? माझ्या आज्याने तुझ्या आज्याला एक पाटी मासे देऊन विकत घेतलं होतं, ते मासे अजून वसूल झाले नाहीत."

"मासे नासके होते म्हणून माझा आजा तुमच्याकडे दोनच दिवस टिकला. आणि तू आलीस हे मला पायावरून नाही कळलं, वासावरून कळलं."

"खादाडा, वास आला तर भात शिजवून ठेव."

जारायला आधी वाटायचं की ही दोघं एक दिवस मारामारी करतील. मग तिला कळलं की सासऱ्याचा दिवस या भांडणाशिवाय उजाडतच नाही.

निवडणुकीच्या दोन महिने आधी मतदान कसं करायचं ते दाखवायला सरकारी माणूस गावात आला. तशी गावाला ते शिकायची गरज नव्हती. तिथे कागदावर शिक्का मारत नाहीत. बोटाला शाई लावून प्रत्येकाच्या हातात काचेची एक गोटी देतात. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचं एकेक पिंप असतं, त्याच्या रंगाचं, वर त्याचा फोटो. पिंपाच्या नळीत गोटी सोडली की आत घंटी वाजते, एकदाच. दोनदा वाजली तर बाहेर बसलेले उठून येतात. त्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकलीसुद्धा फिरकू देत नाहीत, कारण सायकलच्या घंटीचा आवाज तसाच असतो. हे सगळं ठाऊक असूनही लोक सावरीच्या झाडाखाली पारावर जमले. चहा उकळत होता आणि दुपार मोकळी होती.

सरकारी माणसाने कोरी तीन पिंपं पाराच्या कडेला ओळीने मांडली. सगळ्यांत घंटी एकसारखीच आहे, कोण कुठे गोटी टाकतं ते देवालाच कळतं, असं त्याने समजावलं. तेव्हा वुदे म्हणाली की या आंधळ्यालाही कळेल, हा नुसत्या भुणभुणीवरून माश्या मोजतो. लोक हसले. कुणीतरी सांकुंगची पाठ पिंपांकडे वळवून त्याला बसवलं, वुदेने गोटी घेतली.

टण्.

"मधलं," सांकुंग म्हणाला.

पुन्हा टण्. "शेवटचं." पुन्हा टण्. "पुन्हा शेवटचंच. बाई, जरा डोकं चालव की."

पार हसून लोळायचा बाकी राहिला. सरकारी माणूस गोंधळला. त्याने घंट्या काढून दाखवल्या, त्या सगळ्या एकाच कारखान्यातल्या होत्या. सांकुंगने मान हलवली. "घंटेघंटेत फरक असतो साहेब," तो म्हणाला. "कान पाहिजेत."

खरं तर घंटा घंटेसारखीच होती. सांकुंगने ऐकला होता तो वुदेचा ओढता पाय, तो किती पुढे जाऊन थांबतो तेवढंच. हे तो वुदेला सांगणार होता. पण आठ दिवस तरी हिला अशीच जळू द्यावी असं त्याने ठरवलं, आणि मग रमजान आला, प्रचार आला, ते राहूनच गेलं. त्या दिवशी पारावर नफालीही होता. नफाली म्हणजे तुनकाराचा गावातला माणूस. तोही हसला होता. मात्र सगळ्यांचं हसून झाल्यावर तो ती ओळीने मांडलेली पिंपं आणि सांकुंगची पाठ यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिला, एवढं चहा ओतणाऱ्याने नंतर सांगितलं.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात नफाली साखरेचं पोतं घेऊन सांकुंगच्या दारात आला. रमजानात ऐपत असलेल्याने साखर वाटायची ही रीतच आहे, आणि आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरी ती पहिली जाते. जाराय दारात घुटमळली. हे तुनकाराचं आहे, आपण तिदाचे, असं काहीतरी ती पुटपुटली. सांकुंग म्हणाला की साखर उमेदवाराची नसते, रमजानची असते, घे आत. पोतं दिवसाढवळ्या, भर वाटेने, नफालीच्या गाडीवरून उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी वुदे ओसरीपाशी थांबली.

"काय रे गुलामा, साखरेवर कान विकलास म्हणे?"

"तुझं नाक विकायला काढलं होतं, कुणी घेतलं नाही," सांकुंग म्हणाला, आणि दोघंही हसली. हसता हसता वुदे जरा आधीच थांबली. ते सांकुंगच्या कानांनी टिपलं, पण मनाने टिपलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी नफाली पुन्हा आला. फार अदबीने बोलला. बाबा, उद्या रांग मोठी असणार, त्यात रोजा, त्यात ऊन. तुम्ही सकाळीच या, तुम्हाला पुढे घेतील, आणि मग शाळेच्या मागच्या भिंतीशी कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची टाकतो तिथे बसा. गावातलं सगळ्यांत जाणतं माणूस तुम्ही, अशा दिवशी तुम्ही घरात बसून कसं चालेल. सांकुंगला ते पटलं. नफाली विरुद्ध बाजूचा, पण म्हाताऱ्याचा मान ठेवायला पक्ष लागत नाही, असं तो जारायला म्हणाला. आणि खरं कारण वेगळंच होतं: भाची जिंकते आहे ते त्याला जवळ बसून ऐकायचं होतं.

सकाळी त्याने मतदान केलं. एका अधिकारी बाईने त्याचा हात धरून त्याला पडद्याआड नेलं आणि विचारलं, कुठलं? "जांभळं," तो म्हणाला. तिदाचा रंग जांभळा. नारिंगी पिंप तुनकाराचं, ते पडद्याला लागून पहिलंच. मधलं निळं एका औषधाच्या दुकानदाराचं, जो दर वेळी उभा राहतो आणि दर वेळी पडतो. जांभळं शेवटचं, पार पलीकडच्या भिंतीशी, खिडकीखाली. सांकुंग चालत तिथवर गेला, नळी चाचपली आणि गोटी सोडली. त्या आवाजाने त्याला भरून आलं. बहिणीचं नाव त्याने मनात घेतलं.

मग नफालीने त्याला हात देऊन खुर्चीवर बसवलं. खुर्ची त्याच खिडकीच्या बाहेर होती. खिडकीची पत्र्याची झडप बंद होती, पण तिच्या फटीतून आतून बघणाऱ्याला त्याची पांढरी टोपी दिसत असणार. बाहेरची रांग तर त्याच्या समोरूनच वळण घेऊन पुढे सरकत होती. त्याला यातलं काही दिसत नव्हतं. शहरातून आलेल्या केंद्रप्रमुखाने एकदा डोकावून बघितलं, सावलीत बसलेला आंधळा म्हातारा त्याला दिसला, आणि तो परत आत गेला. तिदाचा प्रतिनिधी आत टेबलापाशी होता. भिंतीमागे काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. तिदा स्वतः दूरच्या गावांतल्या केंद्रांवर फिरत होती.

सांकुंग कान देऊन बसला. चोरून ऐकावं असं त्याच्या मनात नव्हतं. वाऱ्याला जसं थांबवता येत नाही तसं त्याला ऐकणं थांबवता येत नव्हतं. आतली जमीन सिमेंटची, चपला प्लास्टिकच्या. पडदा सरकायचा, पाऊल आत यायचं, आणि त्याला कळायचं की ही विहिरीजवळची नाना, ही मशिदीत बांग देणाऱ्या मुअज्जिनाची सून, ही खाडीकाठची जाड बाई, हिचं सगळ्यांत मोठं खाचर मिठाने गेलंय. पावलं जांभळ्या पिंपाशी यायची तर खिडकीपर्यंत यायला हवीत, त्याच्या पाठीशी, हातभर अंतरावर.

पावलं येत नव्हती.

पडदा सरके, दोन पावलं पडत, ती थांबत, आणि टण्. पडद्यालगतच. पुन्हा पडदा, पुन्हा दोन पावलं, पुन्हा टण्. काही जणी मध्यापर्यंत येत, तिथे उभ्या राहत, मग मागे फिरत. एखादी खिडकीपर्यंत आलीच तर पळत आल्यासारखी येई आणि गोटी टाकून पळत जाई. सांकुंगला आधी वाटलं, आपल्यालाच चुकीचं ऐकू येतंय. मग वाटलं, पुढच्या येतील. ऊन डोक्यावर आलं. रोजाने घसा सुकला. जाराय न्यायला आली तर त्याने तिला चिडून परत पाठवलं. त्याच्या मनात दुपारभर एक कडू गोळा वाढत होता. या बायकांनी कोला खाल्ली होती. यांची पोरं तिदाने दवाखान्यात आपल्या हातांनी जगात आणली होती. आणि एकीलाही तिच्या पिंपापर्यंत चालत यायचे कष्ट झेपत नव्हते.

दुपार कलल्यावर पडदा सरकला आणि एक ओढतं पाऊल आत आलं. सांकुंग खुर्चीवर ताठ झाला. आता ही तरी येणार. बाकीच्या कुणी आल्या नाहीत तरी ही येणार. वुदे दोन पावलं चालली आणि थांबली. फार वेळ थांबली. तिचा श्वास त्याला ऐकू आला. मग पडद्यालगत घंटी वाजली, आणि ओढतं पाऊल बाहेर गेलं.

त्यानंतर त्याने ऐकलं नाही. म्हणजे ऐकू येत राहिलं, त्याने लक्ष दिलं नाही.

मोजणी तिथेच झाली. गोटीगणिक एक भोक पाडलेल्या लाकडी ताटांत गोट्या मोजायला ओतल्या गेल्या. तुनकाराची ताटं एकावर एक भरत गेली. दूरच्या गावांत तिदा पुढे होती, काही ठिकाणी चांगलीच पुढे. तिला पाडलं ते तिच्या स्वतःच्या गावाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिदा मामाकडे आली. तिच्या चपला अंगणात नेहमीपेक्षा हळू वाजल्या. ती काही बोलण्याआधीच सांकुंगने तोंड उघडलं. रात्रभर त्याने तेच घोळवलं होतं.

"तुझ्या गावाने तुला विकलं," तो म्हणाला. "तुझी कोला चावून सगळ्या जणी पहिल्याच पिंपाशी थांबल्या. वुदेसुद्धा. मी ऐकलंय."

"काय ऐकलंस मामा?"

"पावलं. तुझ्या पिंपापर्यंत येणारी पावलं मला हाताच्या बोटांवर मोजता आली असती."

"तू कुठे होतास?"

"खिडकीशी. बाहेर. सावलीत खुर्ची होती, दिवसभर तिथेच होतो. तुझ्या पिंपाला पाठ लावून बसलो होतो म्हण ना."

तिदा बराच वेळ गप्प राहिली. लहानपणी ती गप्प झाली की सांकुंगला अंधार वाटायचा, तसाच आता वाटला.

"ती खुर्ची कुणी टाकली, मामा?"

त्याने सांगितलं. सांगता सांगता नफालीचं नाव त्याच्या तोंडातून अर्धं बाहेर आलं आणि अर्धं तिथेच राहिलं.

"सकाळपासून बायका येतायत माझ्याकडे," तिदा म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "तोंडावर पदर घेऊन येतात. सगळ्या एकच सांगतात. तिदा, गोटी हातात तुझ्याच नावाची होती गं, पण खिडकीत तुझा मामा बसला होता."

मागच्या निवडणुकीत गावाच्या वरच्या वस्तीने तुनकाराच्या विरुद्ध मतं टाकली अशी कुजबुज उठली होती, आणि त्या वर्षी खताची पोती वरच्या वस्तीवर आली नव्हती. ते गाव विसरलं नव्हतं. आता नफालीने घरोघर एवढंच सांगितलं होतं की कुणाची गोटी कुठे पडते ते आम्हाला कळणार आहे, आमचा कान तिथे बसलेला असेल. कुठला कान ते त्याला सांगावंच लागलं नाही. पारावरचा खेळ गावाने पाहिला होता. साखरेचं पोतं गावाने पाहिलं होतं. वुदेचा मुलगा तुनकाराच्या गाडीवर ड्रायव्हर होता.

"मी तुझा मामा आहे," सांकुंग म्हणाला. "मी कुणाला सांगितलं असतं?"

"मला माहीत आहे रे."

"त्यांना माहीत नव्हतं?"

तिदाने उठून त्याची टोपी सरळ केली, लहानपणी करायची तशी. मग सांगितलं की सोमवारपासून ती पुन्हा नर्सचं काम धरते आहे, शहराजवळच्या, लांबच्या दवाखान्यात. बांधाचं काय, असं त्याने विचारलं नाही. चपला अंगणातून गेल्या, वाटेला लागल्या, आणि वळणापर्यंत त्याने त्या ऐकल्या.

शुक्रवारी नमाज झाल्यावर सांकुंग काठीने चाचपत पारावर गेला आणि मला बोलायचंय म्हणाला. गावात तो वडीलधारा, लोक बसले. बायका पलीकडे उभ्या राहिल्या. त्याने सांगितलं की मी इथे बढाई मारली होती. घंटेघंटेत काही फरक नसतो. सरकारी साहेब खरं सांगत होता, घंटी ऐकून कुणालाच काही कळत नाही, मलाही नाही. मी तेव्हा वुदेचा पाय ऐकला आणि तुम्हाला फसवलं. ती थट्टा होती. मी कुणाचा कान नाही.

पारावर हालचाल झाली. कुणाचा तरी सुटकेचा श्वास त्याला ऐकू आला. मग गावच्या मुखियाने, जो खरोखर चांगला माणूस होता आणि ज्याला हे प्रकरण मिटवायचं होतं, मायेने विचारलं, "म्हणजे मतदानाच्या दिवशी तुला काहीच कळलं नाही. असंच ना, सांकुंग?"

एक 'हो' पुरला असता. सगळा पार त्या 'हो'साठी थांबला होता. तो म्हटला असता तर कुणीतरी हसलं असतं, वुदेने पलीकडून गुलामा म्हणून हाक मारली असती आणि गाव पुन्हा गाव झालं असतं. पण आयुष्यभर लोक त्याच्याकडे शेंगा घेऊन आले होते, आणि पोचट शेंगेला त्याने कधी भरलेली म्हटलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्याच्या गाठीशी होती.

"घंटी नाही कळली," तो म्हणाला. "चपला कळल्या."

थोड्या वेळाने लोक उठून जायला लागले. बायकांच्या बाजूची पावलं आधी गेली.

त्यानंतर विहिरीची वाट शांत झाली. पहिल्या सकाळी सांकुंगला वाटलं, आज पाण्याला कुणी आलं नाही. मग बादल्यांच्या कड्या वाजल्या, पाणी हिंदकळलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की बायका येतायत. त्याच्या ओसरीपाशी आल्या की त्या चपला काढून हातात घेतात आणि घर मागे पडलं की पुन्हा घालतात. जाराय दारातून बघत होती, तिने ते सासऱ्याला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. साखरेचं पोतं कोपऱ्यात तसंच होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

वाळूवर अनवाणी पाऊलही वाजतं. सगळ्यांना नाही, सांकुंगला. ही नाना, ही मुअज्जिनाची सून, ही जाड बाई. त्याने कुणालाही हाक मारली नाही.

ईदनंतर एका सकाळी धुरावलेल्या माशांचा वास आला. पाठोपाठ वाळूवर एक पाय पडला आणि दुसरा ओढला गेला. फार सावकाश, फार जपून, जणू झोपलेल्या पोराजवळून कुणी चाललं आहे. सांकुंगच्या जिभेवर शब्द आलेच होते. नासक्या माशांचे, तिच्या आज्याचे. ओसरीसमोर पाऊल क्षणभर अडलं. कदाचित तीही वाट बघत होती. कदाचित पाटीच सावरत असेल.

सांकुंगने शब्द गिळले. त्याने हळूच मान दुसरीकडे वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिला, म्हणजे तिला वाटावं की म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. अनवाणी पाऊल पुढे गेलं. बरंच पुढे गेल्यावर, वळणापाशी, चपला जमिनीवर टाकल्याचा आवाज आला.